मिरचीच्या काट्यावरचा पैलवान

इराण, बल्गेरिया आणि तुर्कस्तानात कुस्ती खेळून आलेल्या माणसाला मी सलग नऊ दिवस लाल मिरचीच्या वखारीतल्या काट्यावर तोललं, आणि त्या काट्यावर विश्वास ठेवला. आधीच सांगून टाकते. पुढं झाडं आहेत, नदी आहे, खाणंपिणं तर भरपूर आहे. पण सगळ्याच्या मुळाशी हा गाढवपणा आहे आणि तो माझा आहे. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले होते आणि मला सगळं कळत होतं. आता मी चार नातवंडांची आजी आहे आणि मला फार थोडं कळतं. त्यामुळं चुका कमी होतात.

तो माणूस म्हणजे आमचे हे, पैलवान रंगराव. कोल्हापूरकडं मातीतले पैलवान गल्लीला दोन मिळतात. हे गादीवरचे, फ्री स्टाइलवाले. गट अडुसष्ट किलोचा. गादीवरच्या कुस्तीत आधी काट्याशी लढायचं असतं, मग माणसाशी. स्पर्धेच्या सकाळी वजन द्यायचं. अडुसष्टच्या वर सुपारीएवढं भरलं तरी घरी जायचं. देवानं यांना बहात्तर किलोचं घडवलं होतं. मधले चार किलो देवाला परत करण्यात यांची आठ वर्षं गेली होती.

परदेशातनं आलेला माणूस तिथं काय पाहिलं ते सांगतो. हे तिथं काय खाल्लं नाही ते सांगायचे. "तेहरानला कबाबाचा असला वास सुटला हुता, आम्ही खिडकी लावून घेतली." "सोफियात दही मिळतं, सुरीनं कापावं असलं. लांबनं बघितलं." माझी मैत्रीण तिच्या नवऱ्याकडनं परदेशी अत्तराच्या बाटल्या घ्यायची; माझ्या वाट्याला हे न जेवलेल्या जेवणांचं वर्णन. आमच्या घरी यांच्या ताटात काय पडायचं ते वस्ताद ठरवायचे आणि थोरले दीर मोजायचे. मी फक्त वाढायची, तीही हात आखडून.

त्या वर्षी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, देशाच्या संघासाठीची निवड चाचणी चंद्रपूरला होती. यांचं वय एकतीस, गुडघे दोन, पण चालू एकच. नाव लागलं तर आणखी एक परदेशवारी, नाही लागलं तर गावात येऊन पोरांना पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय ओढून पाडायला, शिकवायचं. मधला रस्ता नव्हता. वस्तादांच्या कमरेनं दगा दिला म्हणून ते येऊ शकत नव्हते. निघताना त्यांनी मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "सूनबाई, तू शिकलेली हाईस. रोज सकाळी वजन बघायचं. याच्या तोंडावर भरवसा ठेवू नको, काट्यावर ठेव." मी शब्द तंतोतंत पाळला. तीच तर गोची झाली.

कोरपना

चाचणीच्या बारा दिवस आधी आम्ही पोचलो, कारण यांचे मित्र नामदेवभाऊ कोरपन्याला राहायचे. दोघं एका शिबिरात एका खोलीत तीन महिने उपाशी राहिले होते; असल्या मैत्रीला तोड नसते. नामदेवभाऊ सत्तावन्न किलोत लढायचे, आता तिथल्या शाळेत मास्तर होते.

माझ्या डोक्यात चंद्रपूर जिल्हा म्हणजे वाघ. बसस्टँडवर वाघ, पाणवठ्यावर वाघ, पोस्टात तिकिटाच्या रांगेतही एखादा असेल. पिशवीत मी देवघरातली घंटा घेतली होती, वाजवली की वाघ पळतो असं शेजारणीनं सांगितलं म्हणून. शेजारीण आयुष्यात रंकाळ्यापलीकडं गेली नव्हती. प्रत्यक्षात मला भेटला तो चुनखडीचा ट्रक. गडचांदूरच्या फाट्यावर अशा चाळीस-पन्नास ट्रकांनी माझ्यावरनं धूळ उधळली, आणि कोरपन्याला उतरले तेव्हा मी पिठात घोळवलेल्या बोंबलासारखी दिसत होते. नामदेवभाऊंच्या दारात पोचताच त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, मला नीट पाहून घेतलं, "जयभीम बाई" म्हणाल्या आणि न विचारता मोरीकडं बोट केलं.

सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, "कुणाच्या घरचं ते बघून खा." त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाही माहीत होतं नि मलाही. मी हात धुऊन आले, पाटावर बसले, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती ती बघितली, मग ताट बघितलं. बघण्याचं काम तिथंच संपलं. खायचं काम पुढं नऊ दिवस चाललं.

ताटात पानगे होते. जाड कणकेचे गोळे थापून, पळसाच्या पानात गुंडाळून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले. वर तूप, बाजूला वांग्याची अशी भाजी की आमच्याकडच्या तांबड्या रश्शाला उगीचच स्वतःबद्दल गैरसमज आहे असं वाटलं. कोथिंबिरीला तिकडं सांभार म्हणतात. शांताबाईंच्या हातची सांभारवडी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा बाकी कोल्हापूर मला दोन मिनिटं आठवलं नाही. यांनी एक पानगा खाल्ला आणि सवयीनं हात मागं घेतला.

"काऊन जी पैलवानभाऊ?" शांताबाई म्हणाल्या. "एका पानग्यानं का होते?"

"वजन हाय वहिनी."

"वजन तर माह्या म्हशीचंबी हाय. तिले मी उपाशी ठेवतो का?"

मी शास्त्रशुद्धपणे मधे पडले. म्हटलं, उद्या सकाळी आधी वजन करू, मग ठरवू.

नामदेवभाऊंनी सांगितलं होतं की खरा काटा गडचांदूरला डॉक्टरकडं मिळेल, रोज सकाळी एसटीनं जाऊन येता येईल. पण पुन्हा ती धूळ कोण खाणार? शिवाय दोन गल्ल्या सोडून एक वखार होती. हंगाम मिरचीचा. आवारभर लाल गालिचा पसरलेला, आणि मधे लोखंडी काटा: खाली फळी, वर दांडी, दांडीवर सरकतं वजन. पोती तोलायचा. वखारीचे शेठ हात जोडून म्हणाले, "या ना बाई, रोज या. पैलवानाचे पाय लागतीन माह्या काट्याले."

हे फळीवर चढले आणि शिंकले. दांडी नाचली. पुन्हा शिंकले. मिरचीच्या वखारीत माणूस सलग किती सेकंद शिंकल्याशिवाय राहू शकतो याचा मी तिथं अभ्यास केला, उत्तर चार. त्या चार सेकंदांत मी दांडी स्थिर केली. पासष्ट किलो तीनशे!

घरनं निघताना अडुसष्टच्या वर होते. मला धडकीच भरली. मी हिशेब मांडला: दोन दिवस रेल्वे, उकाडा, बाहेरचं पाणी. माणूस आटला! खात्री करावी म्हणून मी स्वतः फळीवर चढले. सत्तेचाळीस.

आता हे नीट ऐका. आमच्या पेठेतल्या गिरणीच्या काट्यावर मी साडेएकोणपन्नास भरायची आणि ते मला मान्य नव्हतं. गिरणीवाल्याशी माझं दोनदा वाजलंही होतं. हा काटा मात्र मला सत्तेचाळीस म्हणत होता. ज्या काट्यावर बाई सत्तेचाळीस भरते तो काटा खोटा आहे असं म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे.

तिथला हमाल गोविंदा पोतं खांद्यावर घेऊन बघत उभा होता. शेठ आत गेल्यावर हळूच म्हणाला, "बाई, डागदराकडंबी एकदा पाहून घेजा."

मी त्याला तरफेचा नियम समजावून सांगितला. टेकू, भार, बळ. जमिनीवर मिरच्या मांडून आकृतीसुद्धा काढून दाखवली. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, पोतं खाली न ठेवता. मग म्हणाला, "हो जी. नियम तर बरोबर हाय तुमचा." आणि गेला. त्याच्या जागी मी असते तर आकृतीतली एक मिरची उचलून माझ्या डोळ्यात घातली असती.

त्या दुपारपासून मी यांच्यामागं लागले. पावणेतीन किलो कमी म्हणजे गादीवर गेल्यावर दम कुठनं येणार? "आणखी एक घ्या." चार वर्षांच्या संसारात हे शब्द माझ्या तोंडातनं कधी निघाले नव्हते. यांनी माझ्याकडं पाहिलं, काट्याच्या दिशेला पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

मग काय विचारता! पानगे झाले, सांभारवडी झाली, भाकरीवर जवसाची चटणी आणि तिच्यात तेलाचं तळं झालं, चारोळी घातलेली खीर झाली. पहाटे हे कापसाच्या रानातनं आठ मैल पळून येत, नामदेवभाऊंशी शाळेच्या आवारातल्या वाळूत झोंबत आणि मग जेवायला बसत. सकाळी मी वखारीत वजन वाचून दाखवायची: सहासष्ट. सहासष्ट आठशे. सदुसष्ट दोनशे. हे शिंकून म्हणायचे, "बरं." दुसरा शब्द नाही. कुस्तीचा पोशाख अंगात चढवताना नवव्या दिवशी नामदेवभाऊंना मागनं ओढावं लागलं. मी म्हटलं, इथल्या पाण्यानं कापड आटतं. शांताबाई म्हणाल्या, "माह्याच घरचे कपडे काऊन नाई आटत मंग?" मी त्यांनाही काहीतरी शास्त्रीय सांगितलं. देवाच्या दयेनं काय ते आता आठवत नाही.

नवव्या दिवशी काटा म्हणाला, अडुसष्ट. बरोबर अडुसष्ट. मी वस्तादांना पत्र टाकलं: "वजन जागेवर आहे, काळजी नसावी."

आलापल्ली

चाचणीच्या दोन दिवस आधी आलापल्लीजवळच्या एका गावच्या जत्रेत यांचा सत्कार होता. नामदेवभाऊंच्या मेहुण्यानं ठरवला होता. हा मेहुणा तिथल्या लाकडाच्या डेपोत कामाला. शांताबाई घरी राहिल्या, वाटेत भूक लागेल म्हणून त्यांनी पितळी डबा दिला, आणि आम्ही तिघं निघालो.

कोल्हापूरकडं झाड म्हटलं की माणूस त्याच्या सावलीत बसतो. आलापल्लीच्या सागाच्या रानात झाडं एवढी सरळ आणि एवढी उंच की खाली बसावंसं वाटत नाही, उभं राहून हात जोडावेसे वाटतात. फाल्गुन लागत होता. वाळलेली पानं सुपाएवढी, पायाखाली पापडासारखी मोडत होती, आणि मधेच एखादा पळस असा पेटलेला की मिरचीची वखार आठवावी. मी घंटा काढली. वाजवत चालले. मेहुणा म्हणाला, "बाई, ते ठेवून द्या. वाघाले वाटंन पूजा हाय, परसाद घ्याले येईन."

डेपोत सागाचे ओंडके रचलेले. तिथं वजन हा प्रकार नाही. लाकूड मोजायचं ते फितीनं, घेर आणि लांबी. यांना बघून तिथल्या लोकांना राहवेना. एकानं यांच्या छातीला फीत लावली, दुसऱ्यानं डोक्यापासून टाचेपर्यंत धरली, तिसऱ्यानं पाठीवर बोटांनी टकटक केलं आणि ओरडला, "पोकळ नाई! पहिल्या नंबरचा माल!" खडूनं पाठीवर नंबर घालणार होते, मी आडवी आले.

जत्रेत गादी नव्हती. भाताचं तणस गुडघाभर अंथरून वर ताडपत्री ताणली होती. यांच्यासमोर डेपोतला एक ओंडके उचलणारा गडी उभा केला, यांच्या दीडपट. हलगी वाजली. हे तणसात दोनदा घसरले, तिसऱ्यांदा पट काढून त्याला उताणा पाडला आणि त्याच्यावर पडले. गडी उठला, बरगड्या चाचपल्या आणि कौतुकानं म्हणाला, "दिसते लहान, पन वजन लय हाय तुमच्यात भाऊ!"

इथं तरी मी गप्प बसायचं की नाही? पण सत्कारात मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी दोनशे बोलले. पैलवानाचं यश शिस्तीत असतं, ह्यांचं वजन मी तोळ्यातोळ्यानं सांभाळलं आहे, आज बरोबर अडुसष्ट आहे, कुणीही तोलून बघावं. समोर आरोग्य केंद्राच्या सिस्टर बसल्या होत्या. म्हणाल्या, "चला ना मग. काटा इथंच आहे, भिंतीपलीकडं."

अर्धी जत्रा मागं आली. हे काट्यावर चढले. सिस्टरनी वाचलं, "एकाहत्तर किलो पाचशे."

मी म्हटलं, "तुमचा काटा बिघडलाय."

सिस्टर आत गेल्या. आतनं पाच किलोचं वजन आणलं, ठेवलं. काटा म्हणाला पाच. दोन पाच ठेवले, म्हणाला दहा. मग नामदेवभाऊ चढले. शेवटी मी चढले. तो आकडा मी आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही, इथंही सांगणार नाही. एवढंच सांगते की गिरणीवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

"मग कोरपन्याचा काटा?" मी रडकुंडीला येऊन म्हणाले. "तो तर एवढा मोठा आहे! त्यावर पोती तोलतात!"

बाकावर नातवाला सुई टोचायला घेऊन आलेली एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "कोनाचा काटा व्हय तो? इकनाऱ्याचा का घेनाऱ्याचा?"

"घेणाऱ्याचा. मिरची घेतात ते."

म्हातारीला एवढं हसू आलं की नातू सुई टोचण्याआधीच रडायला लागला. "अवं बाई, घेनाऱ्याच्या काट्यावर सारेच बारीक!"

मेहुण्यापासून हलगीवाल्यापर्यंत सगळी खोली हसली. तिथल्या शाळेत न गेलेल्या माणसालाही जे माहीत होतं ते तरफेच्या नियमात नव्हतं. मी यांच्याकडं पाहिलं. हे छताकडं बघत होते.

रस्ता

साडेतीन किलो. हातात गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवार. शनिवारी सकाळी आठला चंद्रपुरात वजन.

पाणी बंद, जेवण बंद. शुक्रवारी उजाडताच यांनी अंगात दोन स्वेटर घातले, वरनं माझं घोंगडं गुंडाळलं आणि सागाच्या रानातनं पळायला लागले. मागनं नामदेवभाऊ सायकलवर आणि कॅरिअरवर मी, मांडीवर तांब्या. तांब्या पाण्यासाठी नव्हे. तोंडात चिंच धरून त्यात थुंकायचं असतं, तेवढंच वजन कमी. रोमहर्षक प्रवासवर्णनात हे येत नाही, पण घडलं ते असं घडलं.

पहिल्या पाड्याजवळ चार माणसं यांच्याबरोबर पळायला लागली. थोडं पळून एकानं विचारलं, "भाऊ, का हाय मागं? वाघ का अस्वल?" यांनी तोंडातली चिंच सांभाळत मागं बोट केलं. माणसानं वळून पाहिलं, सायकलवर मी. "समजलं," म्हणाला आणि थांबला.

पुढच्या पाड्यात एका गोंड आजीनं आम्हांला अडवलंच. दारावरनं माणूस घामाघूम जातो आणि पाणी न घेता जातो हे तिथं चालत नाही. तिनं भोपळ्याच्या तुंब्यातनं द्रोणात पाणी ओतून यांच्यापुढं धरलं. आमच्याकडं पाहुण्याला आधी "बसा" म्हणतात, तिथं आधी पाणी. यांनी द्रोण घेतला, कपाळाला लावला, चूळ भरली आणि रडव्या चेहऱ्यानं थुंकली. उरलेलं पाणी परत दिलं. आजी माझ्याकडं वळली. तिच्या भाषेत ती सावकाश बरंच काही बोलली. नामदेवभाऊंना थोडं कळत होतं. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"काई नाई वहिनी. तुमच्यासाठी लाकडं जमा करतो म्हणते. जिवंतपणीच."

दुपारी आलापल्लीहून चंद्रपूरची एसटी. त्या वेळच्या लाल गाड्यांत ड्रायव्हरशेजारी इंजिनावरचं झाकण असायचं, आतल्या बाजूला, तव्यासारखं तापलेलं. लोक त्याच्यापासून पाय लांब ठेवायचे. यांनी गाडीत चढल्या चढल्या ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत, दोन दिवसांत पहिल्यांदा, प्रेम दिसलं. घोंगडं लपेटून हे त्या झाकणावर बसले.

"ओ भाऊ! भाजून मराचं हाय का?" ड्रायव्हर ओरडला.

नामदेवभाऊंनी उभं राहून सगळी हकीकत सांगितली. मिरचीच्या वखारीसकट. माझ्यासकट. गाडीभर लोक हसले, पण हसून झाल्यावर एक गोष्ट घडली जी आमच्या कोल्हापूरच्या गाडीत घडली असती का, मी अजून विचार करते. कंडक्टर उठला आणि म्हणाला, "बापू, बाई, सारे खिडक्या लावा. वारा येते तर पैलवानाचा घाम वाळते."

आणि लावल्या हो! फाल्गुनातली दुपार, बाहेर ऊन, आत पन्नास माणसं, दोन कोंबड्या, एक बोकड. टपाटप काचा बंद. पाच मिनिटांत गाडीची भट्टी झाली. कुणी चिंच काढून दिली, कुणी वाळल्या बोरांचं बोरकूट. मागच्या बाकावरनं दर थोड्या वेळानं आवाज यायचा, "उतरलं का जी?" कंडक्टर यांच्या मानेवर बोट फिरवून जाहीर करायचा, "धार लागली! अर्धा किलो गेलं समजा!" एका गृहस्थांनी कोट काढला, मग सदरा. म्हणाले, "माहंबी दोन किलो उतरते आज, फुकटात." वैनगंगा ओलांडताना सगळ्या गाडीनं काचेतनं खाली वाहणारं एवढं पाणी पाहिलं आणि एकानंही बाटलीला हात लावला नाही. पैलवानापुढं कसं प्यायचं, म्हणून. बोकडही ओरडायचा थांबला.

चंद्रपूरला उतरलो तेव्हा पन्नास माणसं नदीतनं काढल्यासारखी ओली होती. ड्रायव्हरनं यांना हात देऊन उतरवलं आणि म्हणाला, "भाऊ, उद्या हारले तरी चालंन, पन वजन द्या. नाई तं आमची मेहनत वाया."

चंद्रपूर

सकाळी मी दाराबाहेर उभी. आत वजन. नामदेवभाऊ धावत आले, "अडुसष्ट शंभर! शंभर ग्राम वर! पंधरा मिनिटं देऊन राह्यले!" आणि यांना ओढत समोरच्या न्हाव्याकडं नेलं. तिथं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. थोड्या वेळानं एक तुळतुळीत गोटा केलेला, बिनमिशीचा, गालफडं बसलेला इसम माझ्यापुढनं आत घुसायला लागला. मी त्याला अडवलं. म्हटलं, "ओ, रांग आहे, आमचे पैलवान यायचेत." त्या इसमानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी बाजूला झाले. चार वर्षांच्या संसारात मी यांचा वरचा ओठ प्रथमच पाहत होते. तो का झाकून ठेवला होता ते कळलं.

काट्यावर अडुसष्ट. काटा कुठं थांबला ते नामदेवभाऊंनी बाहेर येऊन हवेत बोटानं काढून दाखवलं आणि मग पायरीवर बसून मास्तर लहान मुलासारखे रडले.

दुपारपर्यंत यांनी तीन कुस्त्या काढल्या. पहिली चितपट. दुसरी आणि तिसरी गुणांवर. मधे मधे लिंबूपाणी, गुळाचा खडा, पण दोन दिवस पिळून काढलेल्या अंगात ते किती शिरणार? शेवटची कुस्ती वीस वर्षांच्या एका पोराशी. जिंकेल तो संघात.

ती कुस्ती मी अजूनही वरवर सांगू शकत नाही, सांगायची तर सगळी सांगते. तीन-तीन गुण झाले होते. यांनी पोराचा उजवा पाय धरला होता, चांगला घट्ट, छातीशी. मी कितीदा पाहिलं होतं, असा पाय यांच्या हातात आला की सुटत नाही. शेवटचं अर्धं मिनिट होतं. आणि मला दिसलं की यांची बोटं एकेक करून उघडत चालली आहेत. पोरानं पाय ओढून काढला नाही. बोटांतच बळ राहिलं नव्हतं. पोरगा गर्रकन मागं गेला, एक गुण. शिट्टी झाली.

हे उठले, पोराच्या पाठीवर थाप मारली, त्याचा हात वर केला. नामदेवभाऊ गादीच्या कडेला पाठ करून उभे होते. मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. पण ती चंद्रपूरची जमीन, खाली कोळसा, सहज फाटत नाही.

संध्याकाळी मैदानाच्या मागं एका चिंचेखाली हे बसले होते, टॉवेल डोक्यावर. मी जाऊन समोर बसले आणि जे काय दोन दिवस साठवलं होतं ते सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, माझ्यामुळं झालं. मी शहाणपणा केला. गोविंदानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुमची आठ वर्षं मी मिरचीच्या पोत्याबरोबर तोलली. तुम्ही मला माहेरी पाठवून द्या. यांनी तोंड पुसून घेतलं. मग टॉवेल बाजूला केला. तो बिनमिशीचा चेहरा हसत होता. मला म्हणाले:

"अगं येडे, आठ वर्षं मी ह्या अंगाचा एकेक तोळा मोजतोय, मला माझं वजन काट्यानं सांगाय लागतंय व्हय? पहिल्याच दिवशी फळीवर पाय ठेवला नि कळलं, काटा खोटा हाय. पण तू म्हणालीस, आणखी एक घ्या. म्हटलं, आता कोण बोलतंय."